कुत्रीचे ऑपरेशन झाले. पुढचे दहा दिवस कोणाचे?

गेल्या काही वर्षांत आपल्या बेळगाव-निपाणी भागातील मळ्यांवर व वस्त्यांवर एक चांगली चाल दिसू लागली आहे. घरच्या कुत्रीला पिल्ले होऊ नयेत म्हणून तिला दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणणारी कुटुंबे आता अधूनमधून भेटतात. पूर्वीची रीत वाचकांना ठाऊकच आहे. कुत्री वर्षातून बहुधा दोनदा माजावर येणार, साधारण त्रेसष्ट दिवसांनी चार-सहा पिल्ले घालणार. त्यांतला एखादा नर शेजारी मागून नेणार आणि उरलेली पोत्यात घालून ओढ्यापलीकडे, नाही तर बाजाराच्या दिवशी गावाबाहेर सोडली जाणार. हे काम बहुधा घरातल्या थोरल्या मुलावर सोपविले जाते. ते करून आलेला मुलगा त्या रात्री नीट जेवत नाही, हेही आम्ही पाहिले आहे.

तथापि अलीकडे आमच्या कानी एक तक्रार वारंवार येते. "फादर, ऑपरेशन करून आणली आणि आठ दिवसांत गेली. आता दुसरीला नेणार नाही." मग डॉक्टरला बोल लावला जातो, सरकारी दवाखान्याला बोल लावला जातो, आणि सारी वाडी ते ऐकत असते. एक कुत्री दगावली की त्या वाडीतील दहा घरांचा विचार फिरतो आणि पुन्हा पोते बाहेर निघते. म्हणून या पानावर आज थोडे स्पष्ट लिहीत आहोत.

ऑपरेशन अर्ध्या-पाऊण तासाचे असते. तेवढ्यापुरता डॉक्टरचा हात, त्याची हत्यारे आणि भुलीचे औषध यांचा संबंध. त्यापुढचे दहा ते चौदा दिवस घराचे असतात, आणि आमच्या पाहण्यात आलेली बहुतेक वाईट प्रकरणे याच दिवसांत घडलेली आहेत. ज्या घरात एवढे दिवस कुत्रीकडे पाहायला एक माणूस मोकळा नाही, त्या घराने तूर्त तारीखच घेऊ नये, असे आमचे मत आहे. हे कोणाला कठोर वाटेल; पण अर्धवट केलेल्या ऑपरेशनाने कुत्री तर जातेच, शिवाय शेजाऱ्याचाही धीर जातो.

पोटात नेमके काय करतात हे पुष्कळांना माहीत नसते. नराचे ऑपरेशन तुलनेने वरवरचे असते. मादीचे पोट उघडावे लागते. बेंबीखाली मधल्या रेषेवर, किंवा काही डॉक्टर कुशीत, दोन-तीन बोटांचा छेद घेतात. त्यातून दोन्ही अंडाशये व बहुधा गर्भाशयही काढतात आणि तेथील रक्तवाहिन्या दोऱ्याने घट्ट बांधतात. मग पोट थराथराने शिवतात. सर्वांत आत स्नायूंचे चिवट आवरण, त्यावर चरबीचा थर, त्यावर कातडी. आपल्याला दिसतात ते फक्त वरचे टाके. कातडी दहाएक दिवसांत सांधते. आतल्या चिवट आवरणाला मूळची ताकद परत मिळवायला कित्येक आठवडे लागतात, आणि पहिले पंधरा दिवस तर पोटाचा सारा भार मुख्यतः दोऱ्यावरच असतो.

म्हणून आम्ही म्हणतो, तिसरा दिवस फसवा. पहिल्या दिवशी कुत्री गुंगीत पडून असते, तेव्हा घरातील सर्वांचे तिच्याकडे लक्ष असते. दुसऱ्या दिवशी ती उठते, थोडे खाते. तिसऱ्या दिवशी शेपूट हलवीत दारात येते आणि घरधनी म्हणतो, "बरी झाली, सोडा आता." सोडली की ती मुंगसामागे नाही तर रानडुकरामागे उसात शिरते, बांधावरून उड्या मारते, ट्रॉलीत चढते. संध्याकाळी परत येते ती पोट ओले करून. कुत्र्याला आपल्या पोटातला दोरा दिसत नाही. दुखणे कमी झाले की तो बरा झाला असेच त्याला वाटते. माणसानेही तसेच मानावे काय?

तेव्हा दहा दिवस तिला बांधूनच ठेवावे. दोरी गळ्यातल्या पट्ट्याला असावी. छातीवरून किंवा पोटाखालून कधीही नको. सोप्यात किंवा पडवीत सावलीची, कोरडी जागा पाहावी. गोठ्यात नको, कारण तेथे शेण, मूत व माश्या. नुकत्याच शेणाने सारवलेल्या जमिनीवरही नको. अंथरूण म्हणून युरियाचे किंवा औषधाचे रिकामे पोते टाकण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ते कटाक्षाने टाळावे. जुने सुती लुगडे धुऊन उन्हात वाळवून घडी करून घालावे आणि एक दिवसाआड बदलावे. लघवीला व शौचाला दोरी धरून चार पावले न्यावे आणि परत आणावे. मोटारसायकलमागे पळविणे, पायऱ्या चढविणे, मुलांबरोबर खेळणे हे सारे बंद. वाडीतील नर तिच्याजवळ येऊ देऊ नयेत. माजाच्या आसपास ऑपरेशन झाले असेल तर काही दिवस नर तिच्यामागे लागतात, आणि ताज्या टाक्यांवर तो प्रसंग आला तर आतली शिवण फाटून जीवावर बेतते. म्हणूनच शहाणा डॉक्टर माजावर असलेली कुत्री परत पाठवितो व दोन-तीन महिन्यांनी आणायला सांगतो. त्यात त्याचा आळस नसतो. त्या दिवसांत गर्भाशयाच्या शिरा रक्ताने फुगलेल्या असतात.

आता पहिली रात्र. खरे म्हणजे तिची तयारी आदल्या रात्रीपासून होते. मोठ्या कुत्रीला आदल्या रात्रीनंतर खायला द्यायचे नसते, हे डॉक्टर सांगतात. पण "भुकेली कशी न्यायची" म्हणून घरातील आजी पहाटे अर्धी भाकरी दुधात कुस्करून घालतेच. भुलीत उलटी झाली की ती भाकरी श्वासनळीत जाते. ही माया महाग पडते. ऑपरेशननंतर कुत्रीला घरी आणल्यावर तिचे अंग गार पडलेले असते, कारण भुलीत शरीराची ऊब कमी होते. तिला कुशीवर, मान सरळ ठेवून निजवावे, अंगावर गोधडी घालावी, वाऱ्यात ठेवू नये. चुलीला किंवा शेगडीला चिकटूनही निजवू नये. गुंगीत भाजलेले तिला कळत नाही. विहीर, हौद, पाण्याचा पाट यांच्याजवळ तर मुळीच मोकळी ठेवू नये. ती नीट चार पायांवर उभी राहीपर्यंत तोंडात पाणी ओतू नये. उभी राहिली की दोन घोट पाणी, तासाभराने पुन्हा थोडे, आणि रात्री नेहमीच्या निम्म्याहून कमी पातळ भात. रश्श्यातला कांदा कुत्र्याला विषारी असतो, तेव्हा मटणाचा रस्सा कौतुकाने घालू नये. मुलांना त्या रात्री दूर ठेवावे. गुंगीतला प्राणी आपल्या माणसालाही ओळखत नाही आणि चावू शकतो.

मुधोळ जातीच्या कुत्र्यांबद्दल येथेच सांगतो, कारण आपल्याकडे काही मळ्यांवर ती हौसेने पाळली जातात. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी सांभाळलेली ही जात. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघाले. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार थोडी. त्यामुळे ती लवकर गारठतात, भुलीची काही औषधे त्यांच्या अंगात इतर कुत्र्यांपेक्षा अधिक वेळ रेंगाळतात आणि त्यांची पातळ कातडी चटकन फाटते. मुधोळ किंवा मुधोळच्या रक्ताची कुत्री असेल तर डॉक्टरला आधी सांगावे आणि घरी एक गोधडी जास्त घालावी.

चाटण्याविषयी आपल्या लोकांत एक जुनी समजूत आहे, ती ख्रिस्ती घरांत जरा अधिकच पक्की आहे. लूकच्या शुभवर्तमानातील गरीब लाजरसाचे फोड कुत्री चाटीत असत, हे सर्वांना पाठ. संत रॉक यांची कथाही गोव्याकडून आलेल्या आपल्या कुटुंबांत घरोघर माहीत आहे: महामारीने आजारी पडून ते रानात एकटे राहिले तेव्हा कुत्रा त्यांना भाकरी आणून देई व त्यांची जखम चाटी. त्यावरून "कुत्र्याची जीभ हेच औषध" असे आम्हांला ऐकवले जाते. कुत्र्याच्या लाळेत काही जंतूंना मारणारी द्रव्ये असतात हे खरे आहे. पण त्याच तोंडात दुसरे असंख्य जंतू असतात, जीभ खरखरीत असते, आणि चाटता चाटता ती पुढच्या दातांनी दोरा ओढू लागते. लाजरसाच्या अंगावर टाके नव्हते. शिवलेली जखम कुत्रीने चाटली तर एका रात्रीत उघडते, एवढे लक्षात ठेवले तर पुरे. आणि हे ती बहुधा रात्रीच करते, सारे घर निजल्यावर.

उपाय सोपा आहे. शहरात गळ्याभोवती घालण्याचे प्लॅस्टिकचे नरसाळे मिळते. न मिळाल्यास जुनी हलकी प्लॅस्टिकची बादली घ्यावी, तिचा तळ कुत्रीच्या मानेएवढा गोल कापावा, कापलेल्या कडेवर चिंधी शिवावी म्हणजे ती बोचत नाही, आणि चार भोके पाडून ती गळ्याच्या पट्ट्याला नाडीने बांधावी. बादलीची कड नाकाच्या दोन बोटे पुढे आली पाहिजे. आखूड असली तर उपयोग नाही. कुत्री पहिला दिवस भिंतीवर आपटत फिरते, रडते, केविलवाणे पाहते, आणि घरातील कोणीतरी दया येऊन ती काढतो. काढू नये. जेवताना समोर बसून काढावी व लगेच पुन्हा घालावी. काही कुत्र्यांना बादली मुळीच सोसत नाही. त्यांना मुलाचे जुने बनियन घालावे, पुढचे पाय बाह्यांतून काढावेत व मागे पाठीवर गाठ मारावी. बनियन ओले झाले की बदलावे.

आता जखमेवर काय लावावे? या प्रश्नाचे आमचे उत्तर ऐकून लोक नाराज होतात, कारण उत्तर आहे: काही नाही. डॉक्टरने जे दिले असेल तेवढेच. परंतु आपल्या घरात जखम दिसली की हात रिकामा राहत नाही. हळद, चुलीची राख, चुना, इंजिनचे जळके तेल, रॉकेल, टर्पेंटाइन, फिनाईल. आणि निपाणी भागात तर हाताशी असलेली तंबाखूची पूड. तंबाखूचे मुद्दाम सांगतो. ओला पाला तोडणाऱ्या बायकांना मळमळते, डोके गरगरते, कधी उलट्या होतात, हे येथील प्रत्येक घराला माहीत आहे. तो पाल्यातील निकोटिनचा परिणाम, आणि तो धड कातडीतून आत जातो. मग उघड्या जखमेतून किती जाईल? त्यातून कुत्री ती पूड चाटणार. तोंडाला फेस, उलट्या, अंगाची थरथर, झटके, आणि मृत्यूसुद्धा. नंतर घरचे म्हणतात की डॉक्टरच्या इंजेक्शनाने गेली.

फिनाईल वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की त्याने जंतू मरतात. मरतात खरे. १८६५ साली ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याने जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरून माणसे वाचविली आणि शस्त्रक्रियेचे सारे शास्त्र बदलले. पण त्या आम्लाने डॉक्टरांचे हात सोलून निघत, आणि १८९० पर्यंत लिस्टर यांनी स्वतःच त्याचा फवारा सोडून दिला. त्यानंतर हत्यारे व कापड उकळून आणि वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ झाली, ती आजतागायत. जंतूला जाळणारे द्रव्य कोवळ्या मांसालाही जाळते, आणि जळलेल्या कडा सांधत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनी जे सोडले ते आपण कुत्रीच्या पोटावर का ओतावे? हळदीबद्दल आम्हांला आदर आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळ्या लेपाखाली पू झाला तरी तो दिसत नाही.

जखम कोरडी, उघडी व स्वच्छ ठेवणे एवढेच काम. माती लागली तर एक लिटर पाणी उकळून, त्यात मिठाचे दीड-दोन सपाट चहाचे चमचे विरघळवून, थंड झाल्यावर स्वच्छ सुती कापडाने हलकेच टिपावे, चोळू नये. टाके निघेपर्यंत आंघोळ नाही, आणि तिला ओढ्यात शिरू देऊ नये. वेदनेसाठी आपल्या घरातील गोळी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड किंवा जठर बिघडते. डायक्लोफेनॅक तर २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी बंदच झाले. ते गिधाडांमुळे, पण कुत्र्यालाही ते हितकारक नव्हतेच. डॉक्टरने दिलेले जंतुनाशक औषध मात्र सांगितलेले सर्व दिवस द्यावे. तिसऱ्या दिवशी बरी दिसली म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेसाठी डब्यात ठेवणे, हा आपल्या घरातील आणखी एक रोग.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात पाहावी, आणि रोज एकाच माणसाने पाहावी. कालच्यापेक्षा आज काय बदलले हे त्यालाच कळते. कडा जुळलेल्या, किंचित गुलाबी, थोडी सूज, पहिल्या दिवशी एखादा थेंब पाणीदार रक्त, हे चालते. टाक्याखाली लहानशी टणक गाठ लागली तर ती बहुधा आतल्या दोऱ्याची असते. मऊ, पाण्याने भरल्यासारखा फुगवटा आला तर बहुधा कुत्री फार हिंडली असे समजावे आणि डॉक्टरला दाखवावे. सुईने फोडू नये. फुगवटा दाबल्यावर आत जातो असे वाटले तर आतली शिवण सुटली असण्याचा संभव आहे, तेव्हा त्याच दिवशी न्यावे. वास येणे, पू, कडा उघडणे, चोवीस तासांनंतरही अन्नाला तोंड न लावणे, पुन्हा पुन्हा उलट्या, अंगात ताप ही सारी नेण्याची कारणे. कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असते; १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट हे त्याचे नेहमीचे, १०३ च्या वर गेले तर डॉक्टरला दाखवावे.

दोन गोष्टींत मात्र सकाळची वाट पाहू नये. पहिली, हिरड्या. पहिल्या रात्री दर दोन तासांनी ओठ वर करून पाहावे. हिरडी गुलाबी असली पाहिजे. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. हिरडी पांढरी पडली, कुत्री गार व निपचित झाली, तर बाहेर थेंब दिसत नसला तरी पोटात रक्तस्राव होत आहे. दुसरी, जखमेतून चरबीसारखे किंवा आतड्यासारखे काही बाहेर येणे. ते आत ढकलू नये, ओढू नये. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात भिजविलेले स्वच्छ कापड त्यावर ठेवावे, पोटाभोवती दुसरे कापड सैल गुंडाळावे आणि मिळेल त्या वाहनाने निघावे. १९६२ हा फिरत्या पशुचिकित्सा वाहनांचा क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवावा. पण रात्री त्याच्यावर विसंबून बसू नये.

किड्यांचे प्रकरण वेगळे आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त बळी त्यानेच जातात असे आम्हांस वाटते. हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या माश्या जखमेच्या कडेला अंडी घालतात. बारा ते चोवीस तासांत त्यांतून अळ्या निघून जिवंत मांस खाऊ लागतात. म्हणजे सकाळी स्वच्छ असलेली जखम दुसऱ्या सकाळी किड्यांनी भरलेली असू शकते. पावसाळ्यात, संत रॉक यांच्या सणाच्या सुमारास, ऑगस्टमध्ये, या माश्यांचा जोर असतो. जुनी मच्छरदाणी बांधावी आणि माश्या हाकलणारा फवारा डॉक्टरकडून मागून घ्यावा. किडे दिसले तर टर्पेंटाइन न ओतता थेट दवाखाना गाठावा, कारण ही जखम खुरावरची नव्हे. तिच्या खाली पोट आहे.

यावरून तारखेचा प्रश्न निघतो. पावसाळ्यात तारीख घेऊ नये, हे उघड आहे. हिवाळ्यात माश्या कमी, पण तेव्हा तंबाखूची व उसाची सुगी; पहाटे घर रिकामे होते आणि कुत्रीजवळ राहते ती म्हातारी किंवा शाळकरी मूल. आमचा सल्ला असा की सुगीचा भर ओसरल्यावर, कडक उन्हाळ्याआधीचे कोरडे पंधरा दिवस पाहावेत. उपासकाळ बहुधा याच सुमारास येतो. ज्यांना तेव्हाही जमत नाही त्यांनी शेजारच्या घराशी ठरवावे: यंदा तुमची कुत्री आमच्या पडवीत, पुढच्या वर्षी आमची तुमच्याकडे. पेरणीला आपण एकमेकांचे बैल मागतोच की.

आता एका शंकेबद्दल. ख्रिस्तसभा माणसांच्या नसबंदीला संमती देत नाही, मग कुत्रीचे ऑपरेशन पाप नव्हे काय, असे काही भाविक विचारतात. ती शिकवण मानवी व्यक्तीच्या व विवाहाच्या प्रतिष्ठेविषयी आहे. कुत्रीला ती लागू नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांविषयी थोडके पण स्पष्ट लिहिले आहे. प्राण्यांना विनाकारण वेदना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि तेथेच असेही म्हटले आहे की गरिबांच्या दुःखनिवारणासाठी वापरायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळू नये. दोन्ही वाक्ये आम्ही सारख्याच गांभीर्याने घेतो. पोत्यातली पिल्ले पहिल्या वाक्यात बसतात. दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊन जे म्हणतात की कुत्रीवर खर्च नको, त्यांना आमचे म्हणणे असे: वर सांगितलेल्या काळजीत जुने लुगडे, फुटकी बादली, मीठ आणि लक्ष यांपलीकडे फारसा खर्च नाही. किडे पडल्यावर मात्र खरा खर्च सुरू होतो.

पिसाळण्याचा रोगही याच हिशेबात येतो. चोर्ला घाट उतरले की गोवा. तेथे 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारबरोबर काम करून वर्षाला सुमारे पंचाण्णव हजार कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांत मुलांना शिकविले, संशयित कुत्र्यांवर नजर ठेवली, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. ते मुख्यतः लसीचे यश आहे, ऑपरेशनाचे नव्हे. हा फरक विसरू नये. ऑपरेशन केलेली पण लस न टोचलेली कुत्री तितकीच धोक्याची. दोन्ही गोष्टी डॉक्टरला विचारून एकाच खेपेत उरकाव्यात आणि लस दर वर्षी टोचावी. लस टोचलेली, ऑपरेशन झालेली कुत्री वर्षानुवर्षे मळ्यावर राहते आणि नव्या भटक्यांना शिरू देत नाही. ती टाके सडून गेली तर तिच्याबरोबर लसही गेली, आणि तिच्या जागी कोणते कुत्रे येईल ते सांगता येत नाही. शुश्रूषा करताना ती चावली, ओरखडली किंवा तिची लाळ तुमच्या जखमेला लागली, तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने साबण लावून धुवावे आणि त्याच दिवशी सरकारी इस्पितळात जाऊन लस घ्यावी. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याच्या आठवणीने वडीलधारी माणसे अजून टाळाटाळ करतात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशात २००४ अखेर बनविणेच बंद झाले; आता दंडात मोजकी इंजेक्शने पुरतात.

शिबिरांबद्दलही बोलले पाहिजे. शिबिर झाले की "आज इतक्या कुत्र्यांची नसबंदी" असा फलक लागतो, छायाचित्र निघते. दहाव्या दिवशी त्यांतल्या किती कुत्र्यांचे टाके धड निघाले, याचा फलक आम्ही कोठे पाहिलेला नाही. आमच्या मते तोच आकडा खरा. गावची जी मोकाट कुत्री धरून नेतात त्यांना जखम भरेपर्यंत ठेवून घेण्याची जबाबदारी शिबिर भरविणाऱ्यांची. त्यांना संध्याकाळी बसस्थानकावर सोडून देणे म्हणजे किड्यांच्या स्वाधीन करणे. पाळीव कुत्रीची जबाबदारी मालकाची, हे २०२३ च्या केंद्र सरकारच्या नियमांतही आहे. मात्र मालकाला काय करायचे ते नीट सांगितले तर पाहिजे. आपल्या सीमाभागात डॉक्टरची चिठ्ठी कानडीत किंवा इंग्रजीत असते. घरातील बाई, जी प्रत्यक्ष काळजी घेणार, तिला ती वाचता येत नाही, आणि दवाखान्यात तर तिचा नवरा गेलेला असतो. म्हणून शाळेत जाणारे मूल बरोबर न्यावे, डॉक्टर तोंडी सांगतील ते त्याने मराठीत वहीत उतरवावे आणि घरी आईला वाचून दाखवावे. टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढावे लागणारे, आणि काढायचे तर कोणत्या तारखेला, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये. आपण न विचारता निघतो, आणि मग पंधराव्या दिवशी घरच्या कात्रीने टाके कापतो.

टाके डॉक्टरकडूनच काढवावेत. ते काम पाच मिनिटांचे. त्यानंतरही दोन आठवडे रानडुकरामागे सोडू नये. ऑपरेशननंतर कुत्री राखण सोडते हा गैरसमज आहे. तिला अन्न थोडे कमी लागते, आणि आपण पूर्वीएवढेच घालत राहिलो की ती सुटते व सुस्त होते. तेव्हा ताटलीत थोडी भाकरी कमी. बादलीचे नरसाळे फेकून देऊ नये. साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावे आणि ज्या घरी पुढची तारीख असेल तेथे पोचते करावे. आमच्याकडे मठीच्या मागच्या खोलीत अशी तीन नरसाळी ठेवलेली आहेत, दोन मोठी व एक लहान. मिस्सेनंतर मागून न्यावीत, आणि नाडी तुटली असेल तर नवी लावून परत आणावीत.